पंचगंगेच्या पातळीची वही संगणकावर घ्यायची आहे. हौशी माणसाने कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी?

शिरोलीचा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. वय ५२, काम शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या हिशेबाचं. एक्सेल रोजच्या हाताखालचं आहे, व्हीलुकअपपर्यंत मजल जाते. प्रोग्रॅमिंग मात्र शून्य. नोकरीसाठी नको, निव्वळ हौस आहे. रात्री जेवणानंतर तासभर मिळतो, आठवड्यातले पाच दिवस धरा. लॅपटॉप जुना आहे: विंडोज १०, ४ जीबी रॅम.

विचारायला गेलं की जितकी तोंडं तितक्या भाषा. पुतण्या म्हणतो, सी केल्याशिवाय पाया पक्का होत नाही. ऑफिसात एकजण पायथन सांगतो, दुसरा जावास्क्रिप्ट. स्क्रॅच बघितलं, ते पोरांचं वाटलं.

डोक्यात एक काम आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो. ती संगणकावर घ्यायची, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असं दाखवायचं, शिवाय तासाला किती इंच फरक पडला ते काढायचं. एवढं जमलं तरी पुष्कळ. भाषा कोणती घेऊ, डाउनलोड काय करू आणि नवखा माणूस नेमका कुठं अडकतो, तेवढं सांगा.

अर्धविराम

पायथन. तुमच्या कामात आकडा विचारणं, तुलना करणं आणि फाइलीत लिहून ठेवणं एवढ्याच गोष्टी आहेत, आणि पायथनमध्ये त्या वीस-पंचवीस ओळींत बसतात. ही भाषा १९९१ साली गिडो व्हॅन रॉसम यांनी बाहेर आणली. त्याआधी ते ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत 'एबीसी' नावाच्या शिकाऊंसाठीच्या भाषेवर काम करत होते. त्यामुळे पायथनचा सोपेपणा मुळातून आलेला आहे.

पुतण्याचं अगदीच चूक नाही. मशीन आतून कसं चालतं हे सी चांगलं दाखवते. पण सी-मध्ये नुसता आकडा वाचून घेताना स्कॅनएफमधलं 'अँड'चं चिन्ह विसरलात, तर प्रोग्रॅम बहुधा कंपाइल होतो आणि चालवल्यावर कोसळतो. कारण काय, ते पडद्यावर येत नाही. कॉलेजात शिक्षक शेजारी उभे असतात, म्हणून ते खपतं. रात्री दहाला एकट्याने बसणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि पुतण्याने टर्बो सी टाकून दिलं, तर ते डॉसच्या जमान्यातलं आहे. ६४-बिट विंडोजवर डॉसबॉक्सशिवाय सुरूसुद्धा होत नाही.

आता बसवायचं कसं. पायथन वेगळं उतरवू नका, 'थॉनी' हा कोड लिहून चालवायचा प्रोग्रॅम घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला, फुकट आहे आणि पायथन त्याच्या पोटातच येतं. ४ जीबी रॅमला त्याचं ओझं होत नाही. उघडल्यावर वर कोड लिहायची जागा, खाली शेल, म्हणजे एकेक ओळ लगेच चालवून उत्तर दाखवणारी जागा. व्ह्यू मेनूतून 'व्हेरिएबल्स' चालू करा, म्हणजे कुठल्या नावात काय साठलंय ते उजवीकडे दिसत राहतं. एफ५ ने प्रोग्रॅम चालतो. कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबलंत की तो पहिल्याच पायरीवर थांबतो, मग एफ७ दाबत एकेक पायरी पुढे जा. हिशेबाच्या माणसाला हे फार आवडेल, खतावणीत बोट ठेवून ओळ न् ओळ तपासल्यासारखं आहे.

सुटं पायथन घ्यायचंच असेल तर इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर खाली 'पाथ'मध्ये घालण्याची चौकट असते, ती टिक करा. ती राहिली की कमांड प्रॉम्प्टवर पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि माणूस गोंधळतो. तसं झालं तर 'पायथन'ऐवजी नुसतं 'पीवाय' लिहून बघा, बऱ्याचदा चालतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे अजून विंडोज ७ असेल, तर त्यावर पायथन ३.८ च्या पुढचं बसत नाही.

पहिल्या आठवड्यात या ठिकाणी पाय अडखळतो:

इनपुटने घेतलेली गोष्ट नेहमी मजकूर असते, दिसायला आकडा असली तरी. "५" ला ३ ने गुणलंत तर १५ येत नाहीत, "५५५" येतं. म्हणून इनपुटला इंटचा (मजकुराचा पूर्ण आकडा करणाऱ्या फंक्शनचा) कंस घालायचा.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हीच रचना असते. इफच्या आतल्या ओळी चार स्पेस आत. थॉनी ते आपोआप करतो. पण दुसरीकडून कोड चिकटवला आणि टॅब व स्पेसची सरमिसळ झाली तर टॅबएरर येते.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कोड कॉपी करू नका. अवतरणचिन्हं वळणदार होऊन येतात, ती पायथनला कळत नाहीत.

चूक आली की लाल मजकुराची शेवटची ओळ आधी वाचा. चूक कोणत्या प्रकारची ते तिथे असतं, ओळ क्रमांक तिच्या वर. नेमएरर दिसली तर कॅपिटल-स्मॉल तपासा.

शेवटचं, जुन्या व्हिडिओंबद्दल. प्रिंटपुढे कंस नसेल तर तो पायथन २ चा धडा आहे. ते १ जानेवारी २०२० ला बंद झालं. व्हिडिओ बंद करा, दुसरा शोधा.

पापाची_तिकटी

अर्धविराम यांचं ऐकण्याआधी जावास्क्रिप्टचा विचार करा. काही डाउनलोड करायचं नाही. नोटपॅड आणि क्रोम दोन्ही तुमच्याकडे आहेत. क्रोममध्ये एफ१२ दाबून 'कन्सोल'वर गेलात की तिथेच ३८ * १२ लिहून एंटर मारा, झाली सुरुवात. (आकडे इंग्रजी.)

खरा फायदा वेगळाच आहे. पायथनचा प्रोग्रॅम शेजाऱ्याला द्यायचा म्हणजे त्याच्या मशीनवरही पायथन हवं. एचटीएमएलची एकच फाइल केलीत, त्यात फूट-इंचाच्या दोन चौकटी आणि एक बटण ठेवलंत, की व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून गल्लीतल्या ग्रुपला पाठवता येते. ज्याच्या फोनवर ती साध्या एचटीएमएल व्ह्यूअरमध्ये उघडेल त्याचं बटण दाबून काही होणार नाही, तिथे जावास्क्रिप्ट बंद असते. 'क्रोमने उघडा' म्हणून सांगायचं.

अडचणी सांगतो. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी लागतं आणि ब्राउझर कोडच दाखवतो. हेडमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ ची मेटा ओळ घाला, नाहीतर मराठी अक्षरांची खिचडी होऊ शकते. आणि जावास्क्रिप्ट चुकीवर पांघरूण घालते, हा तिचा मोठा दोष. मजकूर असलेल्या "३८" मध्ये १ मिळवलात तर "३८१" होतं, १ वजा केलात तर मात्र ३७. पायथन अशा वेळी थांबून टाइपएरर देतं, जावास्क्रिप्ट हसत पुढे जाते.

वहीचं काम तिथे थोडं अवघड, हे मान्य. असं पान स्वतःहून तुमच्या डिस्कवरच्या फाइलीत दर वेळी ओळ लिहू शकत नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, म्हणजे लोकलस्टोरेजमध्ये, ठेवता येतं, पण ब्राउझरचा डेटा साफ केला की सगळं गेलं.

खासबाग

स्क्रॅचला पोरांचं म्हणून नाक मुरडू नका. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठीच आणलं, हे खरं. पण ठोकळे जोडायचे असल्यामुळे स्पेलिंगची चूक होतच नाही. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं) आणि इफ डोक्यात बसवायला दोन संध्याकाळी द्या आणि सोडून द्या. वहीच्या कामाला ते नाही.

बाकी, एक्सेल येतंय तर ए२ गुणिले १२ अधिक बी२ एवढं सूत्र पुरे की. भाषा कशाला?

अर्धविराम

हौस आहे म्हणतायत ना ते. पण एक्सेलचा मुद्दा घ्या, वेगळ्या कारणासाठी. पायथनने काढलेलं उत्तर एक्सेलच्या सूत्राशी ताडून बघा. दोन्हींचा ताळा जमेपर्यंत प्रोग्रॅमवर विश्वास ठेवू नका.

शिरोलीचा_हिशेबनीस

थॉनी टाकला. चार दिवसांत प्रिंट, इनपुट, इफ जमलं. पण एक भानगड आहे. वहीत ३८ फूट ११ इंच आम्ही ३८.११ असं लिहितो. प्रोग्रॅममध्ये तेच फ्लोट (दशांश आकडा) म्हणून घेतलं, तर ३८.९ ही ३८.११ पेक्षा मोठी सांगतोय. म्हणजे ९ इंच ११ इंचांपेक्षा जास्त! जुन्या वहीतले शंभरेक आकडे एक्सेलमध्ये असेच टिंब देऊन टाइप केलेत.

तांबडा_रस्सा

दादा, आधी त्यो टिंब काढा. ते दशांशचिन्ह न्हाईच मुळात. दहा इंचांचा फूट असता तर चाललं असतं, फूट हाय बारा इंचांचा. आणि एक्सेलमधल्या त्या जुन्या रकान्यात याहून मोठा घोळ बसलाय. तुम्ही ३८.१० टाइप केलं की एक्सेल शेवटचं शून्य उडवून ३८.१ ठेवतं. आता ते १ इंच की १० इंच, हे देवालाबी कळायचं न्हाई. असले सगळे '.१' वाले आकडे कागदी वहीवरून हातानं परत तपासा, दुसरा इलाज न्हाई.

इथून पुढं फूट वेगळं, इंच वेगळा, दोन रकाने. आत सगळा हिशेब इंचात. ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६. मग कोड असा:

फूट = इंट(इनपुट("फूट: "))
इंच = इंट(इनपुट("इंच: "))
एकूण = फूट * १२ + इंच
इफ एकूण >= ५१६:
    प्रिंट("धोका")
एलिफ एकूण >= ४६८:
    प्रिंट("इशारा")
एल्स:
    प्रिंट("खाली")

५१६ ची अट वरच पाहिजे. ४६८ आधी लिवलं तर ४४ फुटांनाबी नुसता 'इशारा' येणार, कारण पहिली खरी अट सापडली की पायथन पुढं बघतच न्हाई. इंच ० ते ११ मध्येच हाय का तेबी तपासून घ्या, न्हाईतर कोणतरी ३८ फूट १४ इंच भरतंय. परत फुटात आणायचं तर एकूण // १२ आणि एकूण % १२. ४६७ ला ३८ आणि ११ मिळतात.

चढ काढायला दोन नोंदी लागतात. सकाळी ८ ला ३६ फूट ८ इंच म्हणजे ४४०, रात्री ८ ला ३८ फूट २ इंच म्हणजे ४५८. फरक १८ इंच, तास १२, तासाला दीड इंच. इशाऱ्याला १० इंच कमी, म्हणजे याच चालीनं गेलं तर ६ तास ४० मिनिटं. आता ही हौसेची गणितं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदी तुमची त्रैराशिकं मानत न्हाई, सामान हलवायचं ते प्रशासनाच्या सूचनेवरच. आणि पातळी हलली न्हाई तर फरक शून्य, शून्यानं भागायला गेला की झिरोडिव्हिजनएरर. आधी इफ लावा.

शिरोलीचा_हिशेबनीस

तांबडा_रस्सा यांचा कोड इथून जसाच्या तसा, एकेक ओळ करत खालच्या शेलमध्ये चिकटवला. पहिल्याच ओळीला नेमएरर, 'इंट' माहीत नाही म्हणतोय. ते इंग्रजीत केलं, तसंच इनपुट, इफ वगैरेही. मग १२ वर अडला: 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर'. पण गंमत म्हणजे फूट, इंच, एकूण ही मराठी नावं मुकाट चालली. आणि प्रोग्रॅम चालू असताना मी चुकून मराठी कीबोर्डवरून ३८ दाबलं, तेही त्याने घेतलं! मग १२ ला काय झालं?

बिंदू_चौक_कट्टा

तिन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

पायथन ३ मध्ये (डिसेंबर २००८ पासून) स्वतः ठेवलेली नावं कुठल्याही लिपीत चालतात, काना-मात्रा-अनुस्वारासकट. इफ, एल्स हे भाषेचे स्वतःचे शब्द आणि प्रिंट, इंट ही तयार फंक्शनं मात्र रोमन लिपीतच. कोडमध्ये लिहिलेला आकडाही ० ते ९ च्या इंग्रजी अंकांतच हवा, म्हणून '१२' वर आडवा आला. पण इनपुटने आलेलं ३८ हा मजकूर होता आणि तो इंटमधून गेला. इंटला युनिकोडमधले सगळ्या लिपींचे दशमान अंक समजतात, देवनागरीही. हे जावास्क्रिप्टला जमत नाही बरं का, तिथे 'नंबर'ला देवनागरी ३८ दिलात तर 'एनएएन' येतं, म्हणजे 'हा आकडाच नाही'. मराठी कीबोर्डवर नोंदी करणाऱ्याला हा फरक मोलाचा आहे.

मराठी नावांचा एक खड्डा: 'बंधाऱ्याची' असं नाव ठेवू नका. 'ऱ्य' मधला अर्धा र काही कीबोर्ड न दिसणारा जोडणारा वर्ण मध्ये घालून काढतात. तो नावात चालत नाही. त्रुटीत 'यू+२००डी' असं दिसतं आणि पडद्यावर तर शब्द अगदी शुद्ध असतो! 'पातळी', 'वेळ', 'चढ' अशी सरळ नावं ठेवा. अवतरणातल्या मजकुरात मात्र बिनधास्त 'बंधाऱ्याची' लिहा.

लांबी मोजतानाही सावध राहा. लेन ला 'कोल्हापूर' दिलंत तर उत्तर ९ येतं, कारण क, ओकार, ल, हलंत, ह, काना, प, ऊकार, र असे नऊ वर्ण मोजले जातात. डोळ्याला अक्षरं चारच. त्यामुळे स्पेस भरून रकाने सरळ करायला गेलात की वाकडेच होणार.

आता फाइल. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर फाइलीत) लिहा, म्हणजे एक्सेलमध्ये उघडेल. ओपन करताना तीन गोष्टी द्यायच्या. मोड 'ए', म्हणजे शेवटी जोड. 'डब्ल्यू' दिलात तर आधीची सगळी वही कोरी होते, विचारत नाही. न्यूलाइन रिकाम्या अवतरणात, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ पडते. आणि एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग'. हे दिलं नाही तर विंडोजच्या जुन्या डिफॉल्टमुळे मराठी लिहिताना युनिकोडएन्कोडएरर येऊ शकते. नुसतं यूटीएफ-८ दिलं तर फाइल बरोबर असते, पण एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडल्यावर अक्षरांचा कचरा दिसतो. 'सिग' फाइलीच्या सुरुवातीला एक खूण ठेवतं, त्यावरून एक्सेलला कळतं.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, मजकूर म्हणून क्रमवारी लावली तरी बरोबर लागते. दोन वेळांतलं अंतर काढताना 'सेकंड्स' वापरू नका, 'टोटल_सेकंड्स' घेऊन ३६०० ने भागा. पहिलं पूर्ण दिवस सोडून उरलेलंच सांगतं. एक दिवस नोंद चुकली आणि अंतर २६ तासांचं असलं, तर ते २ तास दाखवेल आणि पाणी चढायचा वेग तेरा पट दिसेल.

शिरोलीचा_हिशेबनीस

फाइलीपर्यंत आलो. आता 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असं काहीतरी म्हणतोय, सीएसव्ही मध्ये 'रायटर' नाही म्हणे. ओळ तर दहा वेळा ताडली.

अर्धविराम

तुमच्या प्रोग्रॅमच्या फाइलीचं नाव काय ठेवलंय? 'सीएसव्ही डॉट पीवाय' असणार. इंपोर्ट करताना पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये बघतो आणि खऱ्या सीएसव्ही मॉड्यूलऐवजी (पायथनसोबत येणाऱ्या तयार कोडऐवजी) तुमचीच फाइल उचलतो. सेव्ह करताना थॉनीने या नावाबद्दल विचारलं असेल, तुम्ही हो म्हणालात. नाव 'पातळी_वही' करा, जुनी फाइल त्या फोल्डरमधून काढा. रँडम, टर्टल, डेटटाइम ही नावंही याच कारणासाठी टाळायची. आणि नोंद करताना एक्सेलमध्ये ती वही उघडी ठेवू नका. विंडोजवर एक्सेल फाइल धरून बसतं, पायथनला पर्मिशनएरर मिळते.

शिरोलीचा_हिशेबनीस

नाव बदललं, चाललं. फाइल एक्सेलमध्येही शुद्ध मराठीत उघडली, आणि सूत्राशी ताळा जमला. फक्त आजच्या नोंदीला तासाचा चढ उणे ०.७५ येतोय. वजाबाकी उलटी झाली का? आणि इशाऱ्याला किती तास, तेही उणेच दाखवतोय.

तांबडा_रस्सा

वजाबाकी बरोबर हाय, दादा. पाणी उतरायलंय. चढ शून्याच्या वर असंल तरच तास काढा, न्हाईतर 'उतार' छापा.